यूज्ड टू, ॲम यूज्ड टू की वुड?

‘मी विहिरीत पोहायचो’ आणि ‘मला गार पाण्याची सवय आहे’ यांत मराठीत कुणाची गल्लत होत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘यूज्ड टू’ येतं आणि चांगले शिकलेले लोकही अडखळतात.

‘आय यूज्ड टू स्विम’ म्हणजे पूर्वी पोहायचो, आता सुटलं. पुढे मूळ क्रियापद. ‘आय ॲम यूज्ड टू कोल्ड वॉटर’ म्हणजे गार पाणी अंगवळणी पडलंय. इथे पुढे नाम हवं, क्रिया सांगायची तर ‘स्विमिंग’सारखं आयएनजी रूप. आधी ॲम, इज, वॉज आहे का, एवढं बघितलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. सवय अजून लागतेय, तर ‘गेटिंग यूज्ड टू’.

खरा सापळा आपल्या ‘सवय आहे’मध्ये आहे. ‘त्याला नखं खायची सवय आहे’ याचं ‘ही इज यूज्ड टू बायटिंग हिज नेल्स’ करू नका. ‘यूज्ड टू’तली सवय म्हणजे एखादी गोष्ट आता नवी किंवा अवघड वाटत नाही, ती. नखं खाण्यासारख्या खोडीला ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ’ किंवा सरळ ‘ही बाइट्स हिज नेल्स’ म्हणावं.

आजचा नेम सांगतानाही हीच साधी वाट. ‘आय यूज टू गो बाय लोकल’ असं रोजच्या प्रवासाबद्दल सर्रास ऐकू येतं, पण ते चूक. ‘आय यूज्वली गो बाय लोकल’ म्हणा.

आता ‘वुड’. आजोळच्या आठवणी सांगताना ‘एव्हरी इव्हनिंग आजी वुड टेल अस स्टोरीज’ फार गोड लागतं. पण ते पुन्हा पुन्हा घडलेल्या क्रियेलाच चालतं, स्थितीला नाही. ‘आम्ही साताऱ्यात राहायचो’ याला ‘वी यूज्ड टू लिव्ह’च हवं. मराठीचं ‘-यचो’ दोन्हीकडे चालतं, म्हणून चूक कानाला खटकत नाही. शंका असेल तिथे मी ‘यूज्ड टू’ निवडेन. मात्र मुदत किंवा संख्या दिलीत, तर दोन्ही सोडा: ‘वी लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’.

प्रश्नात आणि नकारात ‘डिड’ आला की ‘डी’ गळतो: ‘डिड यू यूज टू’. सवयीच्या अर्थी उच्चार ‘यूस्टु’. चाकू कापायला वापरतात, तेव्हा मात्र ‘यूझ्ड टु कट’.