फायबरवरचा टीव्ही: कंपनीच्या बाजूला झकास, घरात शिरला की बोंब

पाचपैकी साडेतीन स्टार देतोय आणि दीड स्टार कुठे कापला ते नीट सांगतो, कारण या सर्व्हिसचे रिव्ह्यू वाचायला गेलं तर सगळे चॅनल किती, अ‍ॅप कुठले फुकट, मेनू कसा दिसतो यावरच असतात आणि ज्याच्या जिवावर टीव्ही चालतो त्या नेटवर्कबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, बहुतेक फायबरवाल्यांची रचना थोड्याफार फरकाने हीच असते आणि ज्यावर मी वैतागलोय ते तुमच्याकडेही सापडेल.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. हा टीव्ही म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपसारखा ओपन इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ नाही. चॅनल कंपनीच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून सगळे चॅनल निघतात त्या मुख्य केंद्रात, एन्कोड होतो, लॉक होतो आणि तिथून तुमच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत कंपनीच्याच नेटवर्कमधून येतो, मध्ये दुसऱ्या कोणाचा रस्ता नाही. म्हणजे खराब दिसलं तर ढकलायला दुसरा कोणी नाही, पूर्ण जबाबदारी त्यांची. पैसे आपण या जबाबदारीचे देतो, चॅनल काय कुठेही मिळतात.

आता चांगलं काय ते. मोठी मॅच असली की अ‍ॅपवाल्यांची कशी तारांबळ उडते ते सगळ्यांनी बघितलंय, गोल फिरणारं चक्र आणि मध्येच धुरकट होणारं चित्र. इथे ते होत नाही आणि त्याचं कारण मल्टिकास्ट. अ‍ॅपमध्ये प्रत्येक बघणाऱ्याला वेगळी कॉपी जाते, आठ एमबीपीएसचा एचडी चॅनल १० हजार लोक बघत असतील तर ८० जीबीपीएस झाले, आणि २० हजार झाले की १६०. मल्टिकास्टमध्ये चॅनलची एकच कॉपी निघते आणि रस्ता जिथे फुटतो तिथेच राउटर तिच्या आणखी कॉप्या काढतो, तेही पुढे कोणी मागितलंय त्याच फाट्यावर. त्यामुळे ३०० एचडी चॅनल धरले तरी मेन लाइनवर २.४ जीबीपीएस, मग बघणारे शंभर असोत की लाखभर. हे गणित ज्याला कळलं त्याला लाइव्ह टीव्हीसाठी लोक अजून बॉक्स का लावतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि फायबरवर तर हे अजूनच फिट बसतं. जीपीऑनमध्ये, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत, कंपनीकडच्या एका पोर्टवरून २.४८८ जीबीपीएस खाली येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, पण फायबरला फाटे फोडणारा मधला स्प्लिटर म्हणजे नुसती काच, त्याला करंटही लागत नाही, तो प्रकाश सगळ्यांकडे सारखाच पाठवतो. त्यामुळे एका स्प्लिटरवरची सगळी घरं एकच चॅनल बघत असली तरी त्या पोर्टवरून तो एकदाच जातो. मॅचच्या वेळी लोड वाढायच्या ऐवजी उलट कमीच होत असेल, कारण एरवी ३० घरांत २० वेगवेगळे चॅनल चालतात आणि त्या दिवशी सगळे एकावर. शिवाय अ‍ॅपवर तीच मॅच अर्धा मिनिट मागे चालते, इथे काही सेकंदांचाच फरक.

प्रायॉरिटीचंही काम व्यवस्थित केलंय. टीव्हीची वेगळी व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरवर आखलेली वेगळी लेन आहे, इंटरनेटची वेगळी, आणि टीव्हीच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांना, वरचा नंबर. मी मुद्दाम लॅपटॉपवर भलीमोठी फाइल डाउनलोडला लावली, लाइन पूर्ण भरली, टीव्हीवर एचडी चॅनल चालू, एक चौकोन फुटला नाही. सेल्सवाला जेव्हा सांगतो ना की टीव्ही अडकतोय तर प्लॅन वाढवा, तेव्हा हे लक्षात ठेवा, टीव्हीची जागा वेगळी राखून ठेवलेली असेल तर इंटरनेटचा स्पीड दुप्पट करून टीव्हीला काडीचाही फायदा नाही.

चॅनल बदलायचा वेग. हा विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळे जरा लांबेल. डिशवर किंवा केबलवर सगळे चॅनल तुमच्या बॉक्सपर्यंत आलेलेच असतात, बॉक्स फक्त एक निवडतो. इथे तुमच्याकडे एका वेळी फक्त तुम्ही बघताय तोच येतो. बटण दाबलं की बॉक्स आयजीएमपी नावाच्या प्रोटोकॉलने वर सांगतो, हा चॅनल बंद करा आणि तो पाठवा. तो चॅनल तुमच्या एरियाच्या ओएलटीपर्यंत (कंपनीच्या बाजूचं, फायबर जिथून निघतं ते यंत्र) आधीच आलेला असेल तर लगेच मिळतो, नसेल तर अजून वरून मागवावा लागतो. पण खरा वेळ तिथे जातच नाही, तो काही मिलिसेकंदांचा खेळ. वेळ जातो पूर्ण फ्रेमची वाट बघण्यात, कारण व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत, मधूनमधून एक पूर्ण चित्र आणि बाकी नुसते बदल, आणि तुम्ही नेमके मध्ये घुसलात तर पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत काळा पडदा. त्यात बॉक्सचा बफर भरायचा आणि लॉक उघडायची किल्ली यायची, असं करत दोन सेकंद सहज जातात.

याच्यावर इलाज आहे. कंपनी जवळच्या सर्व्हरवर प्रत्येक चॅनलचे शेवटचे काही सेकंद धरून ठेवते, तुम्ही चॅनल बदलला की तो सर्व्हर मागच्या पूर्ण चित्रापासून जोरात डेटा टाकतो आणि चित्र आलं की बॉक्स गुपचूप मल्टिकास्टवर सरकतो. माझ्याकडे हे चालू आहे हे बघूनच कळतं, चित्र एक सेकंदाच्या आत येतं. गंमत म्हणजे तळाचे, कोणी न बघणारे चॅनल लावले की हा वेग नसतो, तिथे पडदा काळा राहतो, म्हणजे सर्व्हरवर सगळे चॅनल ठेवलेले नाहीत असं दिसतंय. परवडत नसेल, समजू शकतो, पण मग जाहिरातीत सगळ्या चॅनलसाठी झटपट झटपट करू नका.

चित्राच्या क्वालिटीबद्दल एवढंच की एचडी चांगलं आहे, ४के चॅनल मोजकेच आहेत आणि एसडी मोठ्या स्क्रीनवर बघवत नाही, तिथे बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारा डेटा, इतका आवळलाय की हिरवं मैदान म्हणजे शेवाळ.

पॅकेट हरवण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. एका आयपी पॅकेटमध्ये १८८ बाइटचे सात तुकडे बसतात, म्हणजे १३१६ बाइट, आणि आठ एमबीपीएसच्या चॅनलला सेकंदाला साधारण ७६० पॅकेट लागतात. यातलं एक जरी पूर्ण चित्राच्या मधलं हरवलं तरी पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चौकोन चौकोन दिसत राहतात, कारण हे यूडीपी नावाच्या पद्धतीवर चालतं आणि हरवलेलं परत मागायची सोय त्यात मुळात नाही, ती वेगळी बसवावी लागते. ब्रॉडबँड फोरमने (तेव्हाचं नाव डीएसएल फोरम) २००६ मध्येच टीआर-१२६ नावाच्या कागदात लिहून ठेवलंय की एचडीला चार तासांत फार तर एकदा दिसेल असा झटका चालेल. चार तासांत एका चॅनलची एक कोटीहून जास्त पॅकेट येतात, त्यात एकदाच चुकायचं! वाचताना अशक्य वाटतं पण ओएनटीपर्यंत, म्हणजे घरात फायबर जिथे येतं त्या डब्यापर्यंत, यांचं नेटवर्क ते खरंच पाळतं. बॉक्स थेट ओएनटीला लॅन वायरने जोडला तेव्हा संध्याकाळच्या संध्याकाळी एक डाग दिसला नाही.

इथपर्यंत पाच स्टार होते. घोडं पेंड खातं ते घरात शिरल्यावर.

हॉलमध्ये ओएनटीजवळचा टीव्ही मस्त, आतल्या खोलीतला बॉक्स मात्र दर चार-साडेचार मिनिटांनी चित्र थिजवायचा. चॅनल बदलून परत आलं की चालू, परत चार-साडेचार मिनिटांनी थिजला. इन्स्टॉल करणाऱ्या मुलाने आत कंपनीचाच दुसरा राउटर लावून दिला होता आणि बॉक्स त्याच्यामागे. कस्टमर केअरला फोन केला की बॉक्स बंद करून चालू करा, मग फॅक्टरी रीसेट करा, मग स्पीड वाढवून घ्या. एकानेही विचारलं नाही की बंद पडायची वेळ दरवेळी तीच कशी काय.

ती वेळ हाच तर क्ल्यू आहे. वरचा, म्हणजे कंपनीकडचा राउटर दर १२५ सेकंदांनी विचारतो, हा चॅनल अजून कोणाला हवाय का? बॉक्सने हो म्हणायचं. दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही की वर आणखी दहा सेकंद थांबून तो चॅनल बंद करतो, म्हणजे २६० सेकंद, चार मिनिटं वीस सेकंद. हे आकडे आयजीएमपीच्या स्टँडर्डमधले डिफॉल्ट आहेत, कुठलंही गुपित नाही. मधला राउटर वरचा प्रश्न खाली बॉक्सपर्यंत जाऊच देत नव्हता, त्यामुळे बॉक्सला कोणी विचारतंय हेच कळत नव्हतं. शेवटी जो सीनियर माणूस आला त्याने आल्या आल्या वेळ विचारली, राउटरमध्ये एक सेटिंग बदललं, पाच मिनिटं टीव्हीसमोर उभा राहिला आणि गेला. अशी माणसं आहेत त्यांच्याकडे, पण त्यांच्यापर्यंत पोचायला मधली तीन दारं ठोठवावी लागतात.

आणि वायफाय. कंपनी बॉक्स वायफायवर चालतो असं छातीठोक सांगते. चालतो, पण कसा ते राउटरवर आहे. वायफायवर मल्टिकास्ट पाठवला की समोरून पोचल्याची पावती येत नाही, हरवलं तर परत पाठवत नाहीत, आणि सगळ्यात लांबच्या डिव्हाइसलाही ऐकू जावं म्हणून राउटर तो सगळ्यात हळू वेगाने पाठवतो, कित्येकदा सहा एमबीपीएस किंवा त्याहून कमी. आठचा चॅनल सहामध्ये बसवा बघू! त्यात घरातला एखादा फोन बॅटरी वाचवायला झोपलेला असेल तर राउटर मल्टिकास्टची पॅकेट धरून ठेवतो आणि ठराविक वेळाने एकगठ्ठा सोडतो, म्हणजे उशाशी पडलेल्या फोनमुळे टीव्हीला हिसके. कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. उपाय साधा आहे, राउटरने वायफायच्या टप्प्यावर मल्टिकास्टचं युनिकास्ट (एकासाठी एक वेगळी कॉपी) करून ज्या बॉक्सने मागितलंय त्यालाच पाठवायचं, मग पावतीही येते आणि वेगही पूर्ण मिळतो. यांच्या नव्या राउटरमध्ये ही सोय आहे, जुन्या मॉडेलमध्ये नाही, आणि तुम्हाला कुठला मिळेल हे नशिबावर. एक स्टार इथे गेला.

साधा स्वस्तातला स्विच मध्ये लावलात तर अजून एक मजा, त्याला कोणी काय मागितलंय ते कळत नाही त्यामुळे टीव्हीचा सगळा डेटा तो सगळ्या पोर्टवर ओततो, प्रिंटरलाही आणि वायफायच्या मेश पॉइंटलाही, आणि मग मुलं ओरडतात की नेट स्लो झालं. आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे कोणी काय मागितलंय ते ऐकून ठेवायची सोय असलेलाच स्विच घ्या. हे कंपनीने कनेक्शन देताना एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

जास्त राग याचा येतो की माहिती त्यांच्याकडे असते. टीआर-०६९ या लांबून उपकरणं सांभाळायच्या स्टँडर्डवरून ते राउटर आणि बॉक्स लांबून बघू शकतात, किती पॅकेट हरवली, वायफायचा सिग्नल किती, हे बॉक्स वर कळवू शकतो, त्याच्यासाठी टीआर-१३५ नावाचं वेगळं मॉडेलच आहे. एवढं सगळं हाताशी असताना फोनवरचा माणूस विचारतो, सर लाल लाइट लागलीये का. उरलेला अर्धा स्टार या प्रश्नाला.

कॅचअपबद्दल वेगळं लिहितोय कारण लोक लाइव्ह आणि कॅचअप एकाच मापाने मोजतात. मागे जाऊन बघणं, पॉज करणं, पिक्चर लावणं, हे सगळं युनिकास्ट, प्रत्येकाची कॉपी वेगळी, इथे मल्टिकास्टची मदत शून्य. कंपनीने तुमच्या जवळ किती कॅशे सर्व्हर (कॉप्या साठवून ठेवणारे) लावलेत यावर सगळं अवलंबून. दुपारी एकदम लोणी, रात्री जेवणाच्या वेळेनंतर कालचा एपिसोड लावला की कधीकधी सुरू व्हायलाच नखरे. लाइव्ह त्याच वेळी बिनतक्रार चालू असतं, म्हणजे लाइन ठणठणीत आहे आणि सर्व्हर कमी पडतायत हे उघड आहे. यासाठी स्टार कापला नाही, कारण मी कॅचअप फार बघत नाही, तुम्ही बघत असाल तर तुमच्या हिशोबाने कापा.

घ्यायच्या आधी इन्स्टॉलवाल्याला विचारा की बॉक्स ओएनटीला थेट वायरने जोडणार का, आणि नाही म्हणाला तर राउटरचं मॉडेल विचारा. तांब्याच्या जुन्या फोन लाइनवर हेच कनेक्शन देत असतील तर एका वेळी किती एचडी चॅनल चालतील तेही विचारा, एडीएसएल२ प्लसवर कागदावरच २४ एमबीपीएस आणि एक्स्चेंजपासून लांब असाल तर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, तिथे दोन टीव्ही आणि एक डाउनलोड म्हणजे मारामारी. आणि टीव्ही बंद केला तरी बॉक्स चॅनल ओढत बसतो, तो रिमोटने वेगळा बंद करावा लागतो, बटण वर उजव्या कोपऱ्यात आहे, एवढंसं.