दादा-तायांचं शिबिर कसं आखायचं? दादरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचं परीक्षण

मुलांच्या संघटनेत नवा कार्यकर्ता, म्हणजे मुलांचा दादा किंवा ताई, आला की बहुतेक ठिकाणी त्याला पुढच्याच रविवारी तीस मुलांसमोर उभं करतात. तो टिकला तर टिकला. हे थांबवायचं तर आधी मोठ्यांचं प्रशिक्षण नीट आखावं लागतं, आणि दादरमधली ही दोन दिवसांची अनिवासी कार्यशाळा नेमकं तेवढंच शिकवते. मुलांचे खेळ कसे घ्यायचे हा तिचा विषय नाही. खेळ घेणाऱ्यांना जे तयार करतात, त्यांच्यासाठी ती आहे. स्काउट-गाइड पथक, सेवा दलाची शाखा, वस्तीतली अभ्यासिका, ट्रेकिंग क्लबचा मुलांचा गट, अशा कुठल्याही ठिकाणी दरवर्षी नवे स्वयंसेवक येत असतील तर उपयोगी. शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. माणशी चौदाशे रुपये, त्यात जेवण, चहा-नाश्ता आणि छापील फाइल. तुकडी चोवीस जणांची.

पहिली सकाळ सगळ्यात मोलाची आहे. आपण प्रशिक्षण आखायला बसलो की विषयांची यादी करतो: संघटनेचा इतिहास, ध्येयधोरण, नेतृत्वगुण, प्रथमोपचार. इथे ती यादी करूच देत नाहीत. ‘नव्या ताईला पहिल्या महिन्यात स्वतःच्या हातानं काय करावं लागेल?’ एवढाच प्रश्न विचारतात आणि उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहून घेतात. हजेरी घेणं. तीस मुलांना एका शिट्टीत गोल उभं करणं. पडलेल्या मुलाचा गुडघा धुऊन पट्टी बांधणं. उशीर झाला तर पालकांना फोन करणं. चिठ्ठ्यांचे तीन ढीग होतात: पहिल्या रविवारच्या आधी यायलाच हवं ते, तीन महिन्यांत आलं तरी चालेल ते, आणि कुणा जाणत्याकडे सोपवता येईल ते. शिबिर फक्त पहिल्या ढिगाचं आखायचं. संघटनेचा इतिहास बहुतेकांच्या दुसऱ्या ढिगात जातो. जुन्या कार्यकर्त्यांना ते खटकतं, पण निर्णय बरोबर आहे.

त्यानंतर उद्दिष्ट लिहायचा सराव. ‘भाजल्यावरचे उपचार माहीत होणे’ असं लिहिलं की प्रशिक्षक कागद परत देतात. ‘भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं थंड पाणी धरतो, बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू देत नाही’ असं लिहिलं की स्वीकारतात. डोळ्यांना दिसेल आणि तपासता येईल अशी कृतीच हवी. हा आग्रह दोन्ही दिवस सुटत नाही, आणि फी वसूल होते ती इथेच.

सत्राची मांडणीही तशीच हिशेबी. नव्वद मिनिटांत दहा मिनिटं सुरुवात, पंधरा मिनिटं करून दाखवणं, चाळीस मिनिटं प्रत्येकानं करणं, पंधरा मिनिटं चुकांवर बोलणं, दहा मिनिटं पुढच्या रविवारी हे कुठे वापरायचं ते लिहिणं. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ शिकणाऱ्याच्या हातात. बौद्धिकाची सवय असलेल्या संघटनांना हे जड जातं, कारण वक्ता पंधरा मिनिटांत थांबत नाही. त्यावर फाइलमध्ये साधा उपाय दिला आहे: वक्त्याला वेळ सांगू नका, तीन मुद्दे लिहून द्या आणि पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन एकाला बसवा.

सहभागींना सहा-सहाच्या गटांत ठेवतात आणि चहा, साफसफाई, वेळपालन ही कामं गटांत फिरती असतात. ही पद्धत जुनी आहे. स्काउट चळवळीतल्या मोठ्यांसाठीचा पहिला ‘वुड बॅज’ वर्ग 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला झाला, तेव्हापासून मोठ्यांनाही मुलांसारखंच छोट्या गटात राहून शिकवायची चाल आहे. गटप्रमुख होऊन पाहिल्याशिवाय तेरा वर्षांच्या गटप्रमुखाची अडचण कळत नाही.

वार्षिक नियोजनाचं सत्र खास मुंबईचं आहे. एप्रिल-मे गावाला जाण्याचे आणि मुलांच्या शिबिरांचे. जूनचा पूर्वार्ध शाळाप्रवेशाचा. दहीहंडीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत तरुण कार्यकर्ता मंडळाच्या मंडपात असतो, त्याला बोलावून उपयोग नाही. लगेच नवरात्र, दिवाळी, कॉलेजच्या परीक्षा. डिसेंबरच्या शेवटी स्नेहसंमेलनं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षांमुळे शिक्षक-कार्यकर्ते अडकलेले. हे सगळं बारा महिन्यांच्या तक्त्यावर खोडत गेलं की मुख्यतः दोन फटी उरतात: जूनच्या शेवटापासून जुलैअखेर, आणि दिवाळीनंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंत. जुलैत पावसानं लोकल बंद पडली तर काय, म्हणून राखीव तारीख त्याच वेळी ठरवून पत्रकातच छापायची. रविवारच्या मेगाब्लॉकचा, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याचाही विचार आहे. मध्य आणि हार्बर मार्गांवर तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चार-साडेचारपर्यंत चालतो, म्हणून रविवारी नऊची सुरुवात आणि पाचचा शेवट. ‘दुपारी दोनपासून या’ असं कल्याण-पनवेलकरांना सांगणारं वेळापत्रक पहिल्याच फेरीत बाद होतं.

आता जिथे कार्यशाळा कमी पडते ते.

प्रथमोपचाराचं सत्र कसं आखावं याचं प्रात्यक्षिक म्हणून सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला तोंडानं श्वास देणं, निवडला आहे. शिकवणं अचूक: मोठ्या माणसासाठी तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. पण सरावाचा पुतळा एकच. प्रत्येकाला दोन मिनिटं सराव आणि बदलाबदलीचं एक मिनिट धरलं तर चोवीस जणांना बहात्तर मिनिटं लागतात, आणि सरावाला वेळ आहे चाळीस मिनिटांचा. साहजिकच निम्मे लोक फक्त बघतात. चार पुतळे असते, म्हणजे सहांमागे एक, तर अठरा मिनिटांत सगळ्यांची एक फेरी होऊन चुका सुधारायला दुसरीही फेरी मिळाली असती. ‘सहांमागे एक साधन, एक पाहणारा’ हा नियम यांच्याच फाइलमध्ये ठळक छापलेला आहे. गाठींच्या सत्रात तो पाळलाय: प्रत्येकाला दोन मीटर सुती दोरी, टोकं दोन रंगांत रंगवलेली, त्यामुळे रीफ नॉट (दोन टोकं जोडायची साधी गाठ) चुकली की लांबूनही दिसते. तीच काळजी सीपीआरला हवी.

त्याहून गंभीर उणीव बालसुरक्षेच्या सत्रात आहे. ते रविवारी दुपारी शेवटी, चाळीस मिनिटांचं आणि नुसतं भाषण. कायदा बरोबर सांगतात: मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शक्यता ज्याला कळली त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन 1098. पण कलमं ऐकून कुणाची जीभ वळत नाही. एखादं मूल ‘कुणाला सांगू नका’ म्हणत काही सांगू लागलं तर त्या क्षणी काय बोलायचं, याचा सराव लागतो. गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, मुलाचे शब्द तसेच्या तसे लिहून ठेवायचे, आरोप ज्याच्यावर आहे त्याला परस्पर जाब विचारायचा नाही. हे जोड्याजोड्यांनी करून घ्यायला नव्वद मिनिटं द्यावीत, आणि तीही पहिल्या दिवशी. बंद खोलीत एक मोठा आणि एकच मूल कधीही नको, सहलीत दोन मोठी माणसं कायम सोबत, मुलांशी खासगी चॅट नको, हे नियम फाइलमध्ये आहेत. सत्रात ते वाचूनही झाले नाहीत.

पाठपुरावाही अर्धवट आहे. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात, त्यातून फक्त आवडलं की नाही एवढंच कळतं. प्रशिक्षण मुरलं का, हे तीन-चार आठवड्यांनी त्या कार्यकर्त्याच्या शाखेवर जाऊन, पहिल्या दिवशीच्याच चिठ्ठ्या हातात धरून बघावं लागतं. निरीक्षणाचा नमुना तक्ता फाइलच्या शेवटी आहे, चांगला आहे, पण तो कसा भरायचा यावर सत्र नाही.

जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; गुडघेदुखीच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आधी सांगा. पंखे चालू केले की मागच्या रांगेला ऐकू येत नाही. मैदानी सत्र शिवाजी पार्कवर घेतात. तिथे शनिवार-रविवारी क्रिकेटची गर्दी असते, आणि 2010 पासून तो परिसर शांतता क्षेत्र असल्यानं ध्वनिक्षेपक नाही. ते सत्र सकाळी आठला हलवलं तर बरं होईल. जेवण साधं, वेळेवर, पोटभर.

एका संघटनेतून एकट्यानं जाऊ नका, किमान तिघं जा: एक सत्र आखणारा, एक घेणारा, एक पाहणारा. परत आल्यावर बदल रेटायला एकटा पुरत नाही. येणाऱ्या हंगामाच्या दोन-तीन तारखा आणि नव्या स्वयंसेवकांच्या कामांची यादी आधीच लिहून न्या, म्हणजे सरावासाठी काल्पनिक शिबिर न घेता स्वतःचंच आखता येईल; प्रशिक्षक त्याला आनंदानं परवानगी देतात. नोंदणी करताना दोन गोष्टी विचारून घ्या: या वेळी पुतळे किती आहेत, आणि बालसुरक्षेचं सत्र कोणत्या दिवशी, किती वेळाचं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजूनही ‘रविवारी शेवटी’ असंच आलं, तर आखणीसाठी ही कार्यशाळा जरूर करा, पण आपल्या कार्यकर्त्यांसाठी बालसुरक्षेचा अर्धा दिवस वेगळा ठेवा, आणि तो झाल्याशिवाय नव्या माणसाकडे मुलं सोपवू नका.