लांब ट्रेलर वळवताना जोडआरसे: कोणते घ्यावेत, कसे लावावेत

गाडीच्या मूळ आरशांवर चढवायचे जोडआरसे बहुतेक जण सरळ रस्त्यावर मागचं दिसावं म्हणून घेतात. त्यांची खरी परीक्षा वळणात होते, आणि तिथे एकाच सपाट काचेचे आरसे नापास होतात. ट्रेलर लांब असेल, तर वर सपाट काच आणि खाली स्वतंत्रपणे फिरणारी छोटी बहिर्गोल काच, अशी जोडीच घ्यावी.

ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांमागून जात नाहीत, ती वळण कापतात. समजा, गाडीचं मागचं अ‍ॅक्सल 9 मीटर त्रिज्येने फिरतंय, हिचचा बॉल (ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा) त्याच्या 1.2 मीटर मागे आहे आणि बॉलपासून ट्रेलरचं अ‍ॅक्सल 6 मीटरवर आहे (दोन अ‍ॅक्सल असतील तर दोघांच्या मधोमध मोजायचं). याच वळणात गाडी फिरवत राहिलात, तर ट्रेलरचं अ‍ॅक्सल शेवटी साधारण 6.8 मीटर त्रिज्येवर येऊन स्थिरावतं. म्हणजे सव्वादोन मीटर आत! चौकातल्या काटकोनी वळणात गाडी लवकर सरळ होते, म्हणून हा फरक कमी राहतो, पण फुटपाथच्या कडेवर चाक चढायला तेवढाही पुरतो. हेच अंतर 6 ऐवजी 5 मीटर असेल, तर पूर्ण गोलातला फरक दीड मीटरच्या आत येतो. एका मीटरने इतकं बदलतं.

आता आरशात काय दिसतं ते पाहा. आरसा बॉलच्या 4 मीटर पुढे आहे असं धरू. गाडी आणि ट्रेलर यांच्यात 30 अंशांचा कोन झाला की ट्रेलरचं आतलं चाक आरशाच्या साडेआठ मीटर मागे आणि जवळजवळ तीन मीटर बाजूला असतं. सरळ रस्त्यासाठी लावलेल्या सपाट काचेत तेव्हा नुसती ट्रेलरची भिंत भरलेली असते. चाक कुठे टेकलंय हे नेमकं ज्या क्षणी कळायला हवं, त्याच क्षणी ते काचेबाहेर गेलेलं असतं. बहिर्गोल काच ते धरते. तिच्यात वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून मागून येणाऱ्या गाडीचं अंतर तिच्यावरून ठरवू नये. ते काम सपाट काचेचं.

लावायची पद्धत अशी. ट्रेलर जोडून गाडी सपाट जागेवर सरळ रेषेत उभी करा. सपाट काचेत आतल्या कडेला ट्रेलरची अरुंद पट्टी दिसावी आणि क्षितिज मधोमध यावं. मग ट्रेलरच्या चाकाला लागून जमिनीवर पाण्याची भरलेली बाटली ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवरून ती बहिर्गोल काचेच्या आतल्या कडेजवळ दिसेपर्यंत काच खाली वळवा. बाहेरचा भाग मोकळाच ठेवायचा, वळणात चाक तिकडे सरकतं. यानंतर मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना गाडी वळवून चाक शेवटपर्यंत दिसतं का ते बघा. ही पायरी फार जण गाळतात, आणि मग आरशाला नावं ठेवतात.

पकडीचे तीन प्रकार मिळतात. रबरी पट्ट्याचे आरसे कुठल्याही गाडीला बसतात, पण पट्टा ताण सोडतो आणि वेग वाढला की काच थरथरून चित्र पुसट होतं. एका ठरावीक मॉडेलसाठी बनवलेले खोळीसारखे आरसे सगळ्यांत घट्ट बसतात, फक्त गाडी बदलली की ते निरुपयोगी. दोन स्क्रूंच्या क्लॅम्पचे आरसे हा मधला आणि आमच्या मते बहुतेकांना योग्य मार्ग. मूळ आरशाच्या कडा खूप गोल किंवा जाड असतील, तर क्लॅम्प घसरतो. तिथे विकत घेण्याआधी बसवून पाहावंच. स्क्रू हातानेच आवळा, पक्कड लावली की मूळ आरशाची कडा तडकते. पहिल्या वीसेक मिनिटांनी थांबून पुन्हा आवळा, कारण रबर दबून पकड सैल होते. आरसे आपोआप मिटायची सोय असेल तर बंद करा, नाहीतर वाढलेलं वजन त्या छोट्या मोटरवर येतं.

एक गोष्ट मात्र कुठलाच आरसा दाखवत नाही. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलमागे 3 मीटर शेपूट असेल, तर वरच्याच वळणात तिचा बाहेरचा कोपरा चाकांच्या वाटेपेक्षा अर्धा मीटर बाहेर झुकतो. त्या वेळी बाहेरच्या आरशात ट्रेलर नसतोच, नुसता रस्ता असतो. म्हणून खांब, उभी गाडी, सायकलवाला हे सगळं वळण्याआधी, गाडी सरळ असतानाच बघून घ्यायचं.

वळताना ब्रेक आधीच लावून वेग उतरवा, आपल्या लेनमध्ये बाहेरच्या कडेला राहा आणि गाडीचं मागचं चाक कोपऱ्याशी येईपर्यंत स्टिअरिंग सरळ ठेवा. मग वळा, नजर बहिर्गोल काचेतल्या चाकावर ठेवून. चाक कडेकडे सरकायला लागलं, तर स्टिअरिंग थोडं सोडायचं; जागाच उरली नसेल, तर थांबायचं. मागे घ्यायची वेळ आलीच, तर बाहेर कोणीतरी उभं करा. हिचला घर्षणाचा स्वे बार (ट्रेलरचं डोलणं रोखणारा दांडा) असेल, तर मागे घेण्याआधी तो सैल करावा की काढून ठेवावा हे त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो तसाच ठेवून तीव्र कोनात मागे घेतलं, तर बार वाकतो.

ट्रेलर सोडला की जोडआरसेही उतरवा, नाहीतर गाडी दोन्ही बाजूंना विनाकारण रुंद राहते आणि अरुंद गेटात पहिला धक्का त्यांनाच बसतो.