दुचाकीला कोळपं जोडायचं, पण किट कोणतं?

सोयाबीन उगवून वर आलं की आपल्याकडं एकच विषय निघतो: कोळपायला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, बैल कोणाचे? लातूर घ्या नाहीतर हिंगोली, गावोगावी बैलजोड्या मोजक्याच उरल्यात आणि वाफसा (पावसानंतर रानात काम करण्याजोगी ओल) मात्र सगळ्यांच्या रानाला एकदमच येतो. म्हणून जुन्या दुचाकीला कोळपं जोडायची किटं वेल्डिंगच्या दुकानांत बनायला लागली. बर्फाच्या देशांत डर्ट बाइकचं मागचं चाक काढून तिथं रबरी पट्टा आणि पुढं स्की बसवतात, तसाच हा प्रकार, फक्त काळ्या मातीसाठी. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 साली बुलेटच्या मागं दोन चाकांचा जोड बसवून ‘बुलेट सांती’ तयार केली. आजची तीनचाकी किटं त्याच वळणाची.

सगळ्यात स्वस्त म्हणजे ओढायचं किट. गाडीला हात लावायचा नाही, मागं चौकट कसायची आणि कोळपं जोडायचं. एक जण गाडीवर, दुसरा मागं रुमणं (कोळप्याची मूठ) धरून. काम संपलं की चौकट काढून गाडी बाजाराला मोकळी. दोन-तीन एकर रान आणि घरात दुसरा माणूस असेल तर यापुढं जायची गरज नाही. रुमणं माणसाच्या हातात असल्यामुळं पास, म्हणजे कोळप्याचं आडवं पातं, किती खोल चालवायची हे त्याच्या हातात राहतं, ही याची खरी जमेची बाजू.

दुसरं, मागचं चाक काढून दात्यांचं लोखंडी चाक बसवायचं. पकड चांगली मिळते, पण बैलाच्या चालीनं दुचाकी चालवायची म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकवतच बसावं लागतं. दुपारपर्यंत मांड्या भरून येतात. शिवाय घरून रानापर्यंत सडकेनं ती नेता येत नाही. मला हे किट अधलंमधलं वाटतं.

तिसरं तीनचाकी. मागं एक्सल, दोन टायर, पास उचलायला लिव्हर. एकटा माणूस बसून काम करतो. इथं मात्र टेप घेऊनच दुकानात जावं. सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, 45 सेंटिमीटर, म्हणजे साधारण 18 इंच अंतर असतं. पुढचं चाक दोन तासांमधल्या एका पट्ट्यात चाललं तर मागची दोन्ही चाकं शेजारच्या पट्ट्यांत बरोबर मधोमध पडायला हवीत, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत 36 इंच. दुकानदार म्हणेल, ‘दोन-चार इंचानं काय फरक पडतो?’ फरक असा पडतो की टायर रोपांवरून जातं. तुमची तिफण (पेरायचं अवजार) वेगळ्या अंतराची असेल तर एक्सलही त्या मापाचा करून घ्या.

पासही नीट बघा. बोल्टनं बसवलेली पास धार लावायला निघते आणि बदलता येते. वेल्ड केलेली असेल तर ती कायमचीच. पहिल्या कोळपणीला 12 इंचाची चालते, दुसऱ्या वेळी पीक पसरलेलं असतं, तेव्हा 9 इंचाची लावावी. पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी पहिली आणि 30 ते 35 दिवसांनी दुसरी कोळपणी, असं धरलं तर दुसऱ्या वेळी गाडीचे फूटरेस्ट आणि सायलेन्सर पिकाला घासायला लागतात. लेगगार्ड तर आधीच काढून ठेवा.

किट कुठलंही घ्या, जीव इंजिनाचा जातो. बैल तासाला अडीच-तीन किलोमीटर चालतो. 100 सीसीची गाडी ओझ्याखाली पहिल्या गिअरमध्येही त्याच्या दुपटी-तिपटीनं पळते. मग चालवणारा अर्धा क्लच दाबून धरतो आणि क्लचप्लेटा जळतात. ही इंजिनं वाऱ्यावर थंड होणारी, आणि या चालीला वारा कुठला लागणार! उपाय एकच, मागं जास्त दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. वेग उतरतो, ओढ वाढते. किटासोबत मोठं स्प्रॉकेट नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नये. आणि रोज वापरायच्या गाडीला हे लावण्यापेक्षा भंगारातली, पण इंजिन धड असलेली गाडी शोधावी.

कपाशी, ऊस किंवा वसमतकडची गादीवाफ्यावरची हळद असेल तर मात्र पॉवर वीडरचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या तण काढायच्या यंत्राचा, विचार आधी करा. गादीवाफ्यावर दुचाकी चढत नाही. वीडरच्या मागं चालावं लागतं आणि रोटरी पात्यांनी हराळीचे तुकडे होऊन ती रानभर पसरते. हराळी असेल तिथं कोळप्याची पासच बरी, ती मातीखालून मुळं कापत जाते. पण वीडरसाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, अनुदानाचा अर्ज करता येतो. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के अनुदान, तेही ठरलेल्या मर्यादेत. त्यासाठी यंत्राचा तपासणी अहवाल लागतो. वेल्डिंगच्या दुकानातल्या किटाला तो कुठून येणार?

राहिली कागदाची बाजू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही. एक्सल बसवलेली गाडी सडकेवर नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते. रान सडकेपलीकडं असेल तर ओढायचं किट बरं: चौकट काढून खांद्यावर न्यावी आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जोडावी.