तुटीचा आकडा पाहावा की कर्जाचा?

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला, की बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या वाचनालयांत आणि अभ्यासिकांत राजकोषीय तुटीचीच चर्चा होते. सरकार अंथरूण पाहून पाय पसरते आहे का, हे ठरवायला मात्र हा एकटा आकडा पुरत नाही.

राजकोषीय तूट म्हणजे ढोबळमानाने त्या वर्षी काढावे लागणारे नवे कर्ज. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ती १५.६९ लाख कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के धरली होती. त्यातून व्याजाचे १२.७६ लाख कोटी वजा केले, की प्राथमिक तूट अवघी २.९३ लाख कोटी उरते. व्याजाचा मोठा भाग पूर्वीच्या कर्जांचा असल्याने, चालू वर्षाची शिस्त जोखायला प्राथमिक तूट अधिक न्याय्य आहे.

कर्जाचा पैसा कशावर जातो, हे महसुली तूट, म्हणजे चालू उत्पन्नापेक्षा चालू खर्च जितका जास्त तो फरक, सांगते, आणि माझ्या मते वाचकाने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. सरकारी कंपनीचे शेअर विकले तर राजकोषीय तूट घटते, महसुली तूट घटत नाही. त्याच अंदाजपत्रकात महसुली तूट जीडीपीच्या १.५ टक्के होती. म्हणजे कर्जाचा सुमारे एकतृतीयांश भाग पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चाकडे जाणार होता. तरीही हा मापदंड निर्दोष नाही. जलजीवन मिशनसाठी केंद्र राज्याला देते ते अनुदान हिशेबात महसुली खर्च ठरते, पण खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात त्यातून बसलेली पाइपलाइन ही वर्षानुवर्षे टिकणारी मालमत्ता असते. अशी अनुदाने वगळून काढलेली ‘प्रभावी महसुली तूट’ केवळ ०.३ टक्के भरते. मात्र ती पाइपलाइन केंद्राच्या मालकीची नसते आणि केंद्राला उत्पन्नही देत नाही. म्हणून मी १.५ टक्के हाच आकडा आधाराला धरतो.

कर्ज-जीडीपी गुणोत्तर साचलेला बोजा दाखवते. केंद्राच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात (तूट आणि कर्जाला मर्यादा घालणारा कायदा) २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्राचे कर्ज जीडीपीच्या तुलनेत २०२४-२५ अखेर ४० टक्क्यांवर आणायचे ठरले होते. २०२५-२६ साठीचा अंदाज मात्र ५६.१ टक्के होता. मार्च २०३१ पर्यंत ते ५० टक्क्यांच्या आसपास आणण्याचे नवे उद्दिष्ट आहे. महागाईने जीडीपी फुगला तरी हे गुणोत्तर उतरते, त्यामुळे एका वर्षाच्या घसरणीवरून निष्कर्ष काढू नये. दीर्घ पल्ल्यासाठी मात्र याला पर्याय नाही.

या आकड्यात राज्यांचे कर्ज धरलेले नसते. सीमाभागातला मराठी वाचक वृत्तपत्रांतून मुंबईचा अर्थसंकल्प आवर्जून वाचतो, पण त्याच्या डोक्यावरचे राज्याचे कर्ज बेंगळुरूचे आहे. कर्नाटकाने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केंद्राच्याही आधी, २००२ मध्ये केला. केंद्राच्या आकड्याशेजारी कर्नाटकाच्या अंदाजपत्रकातले कर्जाचे पान ठेवूनच हिशेब मांडावा.