दोन किलोची इंडक्शन भट्टी : आटणी उत्तम, पण पाण्याची व्यवस्था आधी पाहा

लातूरच्या आमच्या कारखान्यात सोने-चांदी आटवण्यासाठी आम्ही सिंगल फेजवर चालणारी, टेबलावर मावणारी दोन किलोची इंडक्शन भट्टी घेतली, आणि नुसत्या आटणीपुरते बोलायचे तर तिच्याविषयी माझे मत फार चांगले आहे. गॅसच्या ज्योतीखाली आटणी करताना झोताबरोबर टाकणखार आणि सोन्याचे बारीक कण उडतात व घट वाढते. येथे ज्योतच नसते. तांब्याच्या पोकळ वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची वीज वाहू लागली की ग्राफाइटची मूस (धातू वितळवण्याचे भांडे) आतूनच तापते, आणि 1064 अंश सेल्सिअसला वितळणारे शुद्ध सोनेही ती काही मिनिटांत पातळ करते. रस ग्राफाइटच्या काडीने नीट ढवळून तापवलेल्या साच्यात ओतला, तर लगडीच्या दोन्ही टोकांना 916 चा, म्हणजे 22 कॅरेटचा, कस सारखा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय (शुद्धता तपासून दागिन्यावर कोरलेल्या ओळख-क्रमांकाशिवाय) हॉलमार्कचा दागिना विकता येत नसल्यामुळे आम्हा कारागिरांना याचे मोल मोठे आहे.

दोन किलो ही क्षमता मात्र सोन्याची धरावी. चांदी घनतेने सोन्याच्या जेमतेम निम्मी असल्याने त्याच मुशीत ती किलोभराहून थोडीच अधिक मावते. प्लॅटिनम 1768 अंशांना वितळते आणि ग्राफाइटमधला कार्बन त्याला बाधतो, म्हणून ते या मुशीत घालूच नये.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. वेटोळे आणि आतील विद्युत भाग थंड ठेवण्यासाठी पाणी अखंड फिरते राहावे लागते. ज्या शहराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे कोणालाही आधी पाणी किती लागेल याचीच चिंता वाटेल; पण तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत असल्याने खर्च नगण्य असतो. नडतो तो बोअरच्या पाण्यातला क्षार. तो वेटोळ्यात आतून धरतो, धार बारीक होत जाते आणि भर आटणीत यंत्र धोक्याची सूचना देऊन बंद पडते. भट्टी बसवायला आलेल्या माणसाने बादलीत पंप सोडून दिला आणि क्षाराबद्दल चकार शब्द काढला नाही, हे मला मुळीच आवडले नाही. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे, आणि बादलीऐवजी मोठी टाकी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे गेला की टाकीतले पाणीही तापते, तेव्हा रोजचे काम असणाऱ्याने चिलरच (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा.

विजेचेही तसेच आहे. स्टॅबिलायझर तर हवाच, परंतु पंप इन्व्हर्टरवर घेणे त्याहून महत्त्वाचे, कारण लाइट गेली तरी लालबुंद मूस वेटोळ्यातच असते आणि थांबलेले पाणी तेथे उकळू लागते. वेटोळ्याजवळ हात नेण्यापूर्वी बोटातली अंगठी काढावी, कारण तीही तापते.

मूस हा झिजणारा भाग आहे. ग्राफाइट हवेत हळूहळू जळते आणि भिंत पातळ होत जाते, म्हणून दर आटणीपूर्वी ती चिरली तर नाही ना हे उजेडात पाहावे. सोन्याची आणि चांदीची मूस वेगळी ठेवावी, आणि नव्या मुशी आपल्या गावात मिळतात की बाहेरून मागवाव्या लागतात, हे पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट विचारून घ्यावे.