मोठी थ्रॉटल बॉडी की मोठा इंटरकूलर?

टर्बोवाली (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेली) पेट्रोल गाडी, बाकी सगळं कंपनीचंच असेल तर माझं मत सरळ इंटरकूलरला, म्हणजे ती दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीला. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, ६० वरून ६८ एमएम केली की क्षेत्रफळ साधारण २८ टक्के वाढतं, ऐकायला भारी वाटतं ओ, पण छोटा टर्बो जेवढी हवा देणार तेवढीच देणार, वर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून नसेल तर आयडलला आरपीएम खालीवर नाचतो आणि जरा पाय ठेवला की गाडी उसळते, सात रस्ता चौकातल्या ट्रॅफिकमध्ये बघा मग मज्जा! आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात दाबलेली हवा अजून तापते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) नको म्हणून ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागं घेतो न् पिकअप मरतो. इंटरकूलर तिथंच कामाला येतो, लॅग (पाय दाबल्यावर टर्बोचा जोर यायला लागणारा वेळ) किंचित वाढेल एवढंच. मोठा टर्बो टाकलाय? मग थ्रॉटलचं बघा.